कुणाला कळणार आहे?

धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पंचवीस वर्षांचं इंजिन आहे. एखादा आकडा वर जाणं समजण्यासारखं होतं. मनात रुतलं ते त्यानंतरचं एक वाक्य. तपासणी करणारा मुलगा विशीतला असेल. बोटांच्या पेरांत काजळी बसलेली, बोलणं मात्र अगदी मऊ. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, नळी जरा बाहेर ओढून धरतो. बाहेरची हवा मिसळली की आकडा खाली येईल. कुणाला कळणार आहे?" त्यात पैशाची अपेक्षा नव्हती. मागे रांग नव्हती, घाईही नव्हती. समोरच्या बाईचा हेलपाटा वाचावा, इतकंच त्याच्या मनात होतं, आणि म्हणूनच ते वाक्य झटकता येईना. कुणी पैसे मागितले असते तर राग आला असता आणि रागाबरोबर विषय संपला असता. इथे रागवायला कुणी नव्हतं. मी "नको रे, राहू दे" म्हणाले, नापासाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघाले. गाडी चालवताना मात्र आरशात सारखी मागे पाहत होते. मागून येणारा स्कूटरवाला जवळ आला की उगाच अंतर वाढवावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर कागद उलगडून बसले. कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के, हायड्रोकार्बन ३४० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३४०, लॅम्डा ०.९३. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, असलेल्या पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ०.३ टक्क्याच्या आत हवा, इंजिन रेस करून मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर धरलं की ०.२ च्या आत, हायड्रोकार्बन २०० च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ या पट्ट्यात, असे साधारण नियम बऱ्याच देशांत आहेत. म्हणजे माझी गाडी काठावरून घसरली नव्हती, मर्यादेच्या सात पट बाहेर होती. आणि एवढं होऊनही दिसत काहीच नव्हतं. धूर काळा नव्हता, निळा नव्हता. गाडी सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होत होती, चढ चढत होती. लॅम्डा हा हवेचा हिशोब. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. बरोबर तेवढी मिळाली की लॅम्डा १. माझ्या इंजिनाला हवा सात टक्के कमी पडत होती, म्हणजेच पेट्रोल त्या मानाने जास्त जात होतं. गॅरेजच्या भाषेत गाडी 'रिच' चालत होती. अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड होतो. जे मुळीच जळत नाही ते हायड्रोकार्बन म्हणून बाहेर पडतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. सायलेन्सरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला काही समजत नाही, पण त्याच्या रक्ताला समजतं.

त्या मुलाच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर त्याच्या हातातल्या यंत्रातच होतं. नळीतून ओढलेला वायू एका छोट्या कोठडीत जातो आणि तिच्यातून अवरक्त प्रकाश सोडतात. कार्बन मोनॉक्साइड ४.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतो, कार्बन डायऑक्साइड ४.२६ च्या आसपासचा. किती प्रकाश पलीकडे पोहोचला यावरून किती वायू होता ते काढतात. नळी बाहेर ओढली की बाहेरची हवा आत शिरते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पडतो, हे खरं. पण कार्बन डायऑक्साइडचा आकडाही त्याच प्रमाणात पडतो, ऑक्सिजन वाढतो आणि लॅम्डा भलतीकडे जातो. जळण ठीक असेल तर दोन्ही कार्बनची बेरीज पंधरा टक्क्यांच्या आसपास भरते. ती कमी भरली तर हवा मिसळली आहे असं धरून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा त्या मानाने वाढवून घ्यायचा, असं सूत्रच ठरलेलं आहे. ते कुणी वापरतं की नाही हा भाग वेगळा. मला बरं वाटलं ते एवढ्यावरच की ज्या कुणी हे सूत्र बसवलं, त्याने नळी बाहेर ओढणाऱ्या हाताचा विचार आधीच करून ठेवला होता.

ही गाडी बाबांची. त्यांच्या आयुष्यातली शेवटची. तिच्या आधीची जी होती ती कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचा भाग हाताने जुळवता येणारी, आणि बाबांचं खरं प्रेम तिच्यावर. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते इंजिन गरम होऊ द्यायचे, मग चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन मिश्रणाचा स्क्रू पाव फेरी आत, पाव फेरी बाहेर असा फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. इंजिन अडखळायला लागलं की मिश्रण फार पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी; घोगरं झालं की फार जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. मधे एक जागा यायची, तिथे आवाज एकदम गोल व्हायचा. बाबांचा चेहरा त्या क्षणी मोकळा व्हायचा. नंतर प्लग काढून ते मला दाखवायचे. टोकाशी करडा-विटकरी रंग असला तर उत्तम. काळी मखमली काजळी असली तर पेट्रोल जास्त. पांढरट असलं तर हवा जास्त आणि उष्णताही. माझ्या तळहातावर तो गरम प्लग कापडात गुंडाळून ठेवलेला आठवतो, आणि त्याचा वास. सायलेन्सरमागे रुमाल धरून ते धुराचा डाग बघायचे. रुमाल कोरा राहिला की त्यांची तपासणी संपली.

ही गाडी आली तेव्हा त्यांनी पहिल्या रविवारी तिचं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. फिरवायला स्क्रूच नव्हता. किती पेट्रोल द्यायचं ते एक बंद डबा ठरवत होता, निरनिराळ्या सेन्सरना विचारून. बाबांनी बॉनेट मिटलं, हात पुसले, आणि त्यानंतर ते या गाडीचं पाणी आणि तेल तेवढं बघायचे. मला तेव्हा त्यांच्याबद्दल वाईट वाटलं होतं. आज वाटतं की त्यांच्या कानाला जे गोल वाटायचं ते खरंच गोल होतं का, हे तपासायला आमच्याकडे काहीच नव्हतं. इंजिन सर्वांत गुळगुळीत चालतं ते मिश्रण किंचित जाड असताना. कानाला गोड आणि हवेला कडू, अशी ती जागा असू शकते. त्यांचा कोरा रुमालसुद्धा काजळीपुरता खरा. कार्बन मोनॉक्साइडने रुमाल मळत नाही.

आणि तो पेट्रोलचा वास. लहानपणी मला तो अतोनात आवडायचा. गाडीत पेट्रोल भरताना मी काच खाली करून नाक बाहेर काढायचे आणि आई ओरडायची. त्या काळचं पेट्रोल शिशाचं होतं. इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालायची युक्ती टॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याने १९२१ मध्ये शोधली. १९२३ पासून ते विकलं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत ते बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. तरीही ते कायमचं बंद झालं नाही, कारण रस्त्यावर ते दिसत नव्हतं. दिसलं ते एका वेगळ्याच माणसाला. क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकी शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. उल्कांमधल्या शिशाच्या प्रमाणावरून त्याने ते साडेचार अब्ज वर्षांच्या थोडं वर काढलं. पण ते मोजताना त्याच्या नमुन्यांत शिसं कुठून तरी सारखं येत राहायचं. हवेतून, धुळीतून, माणसांच्या कपड्यांतून, केसांतून. त्याने प्रयोगशाळा घासूनपुसून इतकी स्वच्छ केली की तशी आधी कुणी केली नव्हती, आणि मग त्या शिशाचाच माग काढत निघाला. ग्रीनलंडच्या बर्फात एकावर एक साठलेल्या थरांमधून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिसं मोजलं. जुन्या थरांत नगण्य, वर येईल तसं वाढत गेलेलं, १९४० नंतर तर झपाट्याने. जिथे एकही गाडी नाही अशा ठिकाणी जगभरच्या गाड्यांची नोंद वर्षानुवर्षं आपोआप होत होती. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. शोध लागल्यापासून शंभर वर्षं भरली.

म्हणून त्या वासाबद्दल आता काय वाटून घ्यावं हे मला उमजत नाही. तो वास म्हणजे रविवार, बाबांचा मळका सदरा, गरम बॉनेट. तो आठवला की आजही आधी छाती भरून येते आणि शिसं त्यानंतर आठवतं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

बर्फाआधी रबराला कळलं होतं. १९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर असं काही धुकट, झोंबरं उतरलं की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याचा संशय आला. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ. एका कारखान्यावर ठपका आला, पण तिथलं काम थांबूनही धुकं हटेना. त्या शहराजवळ आरी हागेन-स्मिट नावाचा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. फळाचा वास पकडायची त्याची जी रीत होती तीच त्याने शहराच्या हवेला लावली: हवा अतिशय थंड नळ्यांमधून ओढायची आणि जे गोठेल ते बघायचं. त्याला मिळाला घाणेरड्या वासाचा तपकिरी द्रव. पुढे त्याने दाखवलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी भिडली की ओझोन तयार होतो, आणि डोळे झोंबतात ते या सगळ्या मिश्रणाने. ओझोन मोजायची त्याची सुरुवातीची साधनं फार साधी होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला तडे जायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्या शहरातल्या गाड्यांचे टायर लवकर तडकतात हे लोकांना आधीपासून माहीत होतं. तडा का जातो हे विचारायला कुणी थांबलं नव्हतं. तेल उद्योगाच्या पैशातून झालेल्या संशोधनाने त्याचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि त्यामुळेच तो अननस सोडून कायमचा धुराकडे वळला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. त्याने ज्याचा अभ्यास केला ते बाहेर कुणालाच बघायचं नव्हतं.

आता माझ्या गाडीकडे येते. बाबांच्या वेळेपासूनचे मिस्त्री आहेत, आता सत्तरीला टेकलेले. त्यांनी नापासाचा कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलं बोट लॅम्डावर ठेवलं. "ताई, कन्व्हर्टरला नंतर बघू. आधी ही एवढं पेट्रोल का पितेय ते बघू. ॲव्हरेज पडलंय ना?" पडलं होतं, पण हळूहळू, त्यामुळे जाणवलं नव्हतं. त्यांनी एअर फिल्टर काढून उजेडात धरला. मळका होता, पण एवढ्याने इतका फरक पडणार नव्हता. प्लग काढले. चारही काळे, तीच मखमली काजळी. चारही सारखेच काळे आहेत म्हणजे एका सिलिंडरचा दोष नाही, सगळ्यांना पेट्रोल जास्त मिळतंय, असं ते म्हणाले. तेल मोजायची डिपस्टिक काढून त्यांनी वास घेतला आणि माझ्या नाकाजवळ धरली. तेलाला पेट्रोलचा वास येत होता. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं, तेल तापलं की त्याची वाफ होते, आणि ती वाफ परत इंजिनात ओढली जाते. इंजिनाच्या पोटातल्या वाफा बाहेर न सोडता परत जाळायची ही सोय १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर आली. धुराविरुद्ध गाडीत बसवलेली ती पहिली वस्तू. माझ्या गाडीत मात्र तीच सोय जास्तीच्या पेट्रोलमध्ये आणखी भर घालत होती. तपासणीआधी तेल बदला, असं जुनी माणसं का सांगतात ते मला त्या वासाने पटलं.

मग ते व्हॅक्यूमच्या होज पाइपांवरून बोटं फिरवत गेले. जुनं रबर कडक होतं, टोकाशी चिरतं, आणि तिथून चोरून हवा आत जाते. एक पाइप त्यांनी बदलला, पण मान हलवली. चोरून हवा आली असती तर मिश्रण पातळ झालं असतं. इथे उलटं होतं. इंजिन पुरेसं तापलं होतं, डॅशबोर्डवरचा काटा मधोमध होता, तरी आयडलिंग जरा जास्त होतं, थंडीत सकाळी असतं तसं. ते बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले. मला बाबा आठवले. ऐकतानाचा चेहरा तोच. मग थर्मोस्टॅटजवळच्या एका पितळी सेन्सरची पिन काढून त्यांनी मीटर लावला. हा सेन्सर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पेट्रोल ठरवणाऱ्या त्या बंद डब्याला सांगतो. थंड असताना, विसाएक अंशांना, त्याचा विजेला होणारा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ऐंशीला तीनशेच्या जवळ उतरतो. माझं इंजिन हात लावू न देण्याइतकं तापलेलं होतं आणि मीटर दोन हजारांच्या वर दाखवत होता. "बघा," मिस्त्री म्हणाले, "हिला वाटतंय अजून पहाटच आहे."

त्या वाक्याने मला गलबलून आलं. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो आणि डब्याला सांगणारा वेगळा. मला दिसत होतं की इंजिन तापलंय. गाडीला वाटत होतं की ती थंड आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो त्याचं कारण तेच. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय डबा लॅम्डा सेन्सरचंही ऐकत नाही. तो सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची चव घेऊन सेकंदागणिक सांगत असतो, जास्त झालं, कमी झालं. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला, आणि बाबांचे कान जे पाव फेरीने करायचे ते कुणीही स्क्रू न फिरवता अखंड होऊ लागलं. माझ्या गाडीत तो बिचारा शाबूत होता, बोलत होता, आणि त्याचं बोलणं कुणी विचारात घेत नव्हतं. किती महिने, किती वर्षं, देव जाणे. भर उन्हाळ्यात, भर वाहतुकीत ही गाडी पहाटेच्या गारठ्यात असल्यासारखी जळत राहिली, आणि तिच्या मागे माणसं चालत होती.

सेन्सर बदलला, तेल बदललं, प्लग नवे टाकले. मिस्त्रींकडच्या छोट्या यंत्रावर लॅम्डा १.०० वर आला. आयडलिंग आपोआप खाली बसलं. पण कार्बन मोनॉक्साइड अजून ०.५ होता. आता पाळी कन्व्हर्टरची. गाडीखाली सरपटत जाऊन त्यांनी रबरी हातोड्याने त्या फुगीर डब्यावर हलकेच टकटक केलं आणि कान लावला. आतली जाळी फुटली असेल तर खुळखुळ वाजते. वाजलं नाही. आत चिनी मातीची हजारो बारीक नळ्यांची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा नुसता लेप; सगळं मिळून काही ग्रॅम. धूर त्या नळ्यांमधून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बन जळतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतला जातो. हे तिन्ही एकाच वेळी साधतं ते लॅम्डा १ च्या अगदी लगत असतानाच. युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने धूर शुद्ध करणारा सुरुवातीचा कन्व्हर्टर १९५० च्या दशकातच करून पेटंट मिळवलं होतं, पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं त्या लेपावर बसून त्याला निकामी करायचं. गाड्यांवर तो सर्रास आला १९७५ च्या अमेरिकी मॉडेलांपासून, शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागल्यावर. म्हणजे शिसं जाण्यात जेवढा वाटा त्याच्या विषारीपणाचा होता, तेवढाच बहुधा या डब्याच्या गरजेचाही होता. याचं मला जरा दुःख होतं. माणसांच्या रक्तातलं शिसं हे कारण एकटंच पुरेसं व्हायला हवं होतं.

"जाळी आहे, पण काजळीने माखलीय," मिस्त्री म्हणाले. "लांब न्या. खालच्या गियरमध्ये, फेऱ्या चढवून. आणि तशीच तपासणीला घ्या, बंद करू नका." हा डबा अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय कामच सुरू करत नाही; त्याहून खूप तापला तर त्याच्यावरची काजळी जळून जाऊ शकते. मी तशी गाडी घेऊन गेले. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये इंजिन गुरगुरत होतं, पायाखाली पत्रा गरम लागत होता. या गाडीला मी इतकं जोरात कधी चालवलं नव्हतं. जपून चालवणं म्हणजे माया, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. तपासणीच्या जागी तोच मुलगा होता. त्याने नळी पूर्ण आत सारली. आयडलिंगला ०.२, रेस केल्यावर ०.१४, हायड्रोकार्बन ९०, लॅम्डा १.०१. "वा ताई," तो म्हणाला, आणि त्याला मनापासून आनंद झाला होता. मी त्याला पितळी सेन्सरची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्ष देऊन ऐकली आणि रोध किती होता ते विचारलं.

पण कागद हातात घेऊनही मन स्वस्थ झालं नाही. तापवून, दामटवून, बंद न करता नेलेली गाडी पास झाली, तर नळी बाहेर ओढण्यात आणि यात फरक काय? मी यावर खूप विचार केला. नियमच सांगतो की इंजिन पूर्ण तापलेलं असताना मोजा, तेव्हा मी काही चोरलं नाही. शिवाय पेट्रोल खरंच कमी जळतंय, तेल खरंच स्वच्छ आहे, मागे चालणाऱ्याच्या रक्तात खरंच कमी विष जातंय. नळी ओढली असती तर यातलं काहीच बदललं नसतं. तरीही तपासणी गाडीची सर्वांत चांगली काही मिनिटं बघते, हे उरतंच. या फटीत किती मोठी लबाडी मावते ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. फोक्सवॅगनने सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं धूर स्वच्छ करायचं. रस्त्यावर त्या गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायची. ते उघडकीला आलं कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने यंत्र गाडीच्या मागे बांधून ती सरळ रस्त्यावर चालवली. त्या कंपनीतही कुठल्या तरी खोलीत, कुणीतरी, बहुधा आवाज उतरवूनच, त्या मुलाचाच प्रश्न विचारला असेल. फरक इतकाच की तिथे तो प्रश्न आपुलकीतून आला नव्हता.

माझ्या गाडीच्या बाबतीत ती फट म्हणजे थंड सुरुवात. सकाळी किल्ली फिरवल्यापासून कन्व्हर्टर तापेपर्यंतचा एक-दोन मिनिटांचा काळ, मिश्रण जाड, डबा गार. अख्ख्या फेरीतल्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचा मोठा वाटा तेवढ्यातच बाहेर पडतो. जवळच्या जवळ जायचं असेल तर डबा तापायच्या आतच आपण पोहोचतो आणि गाडी बंद करतो. पासाच्या कागदावर यातलं काही येत नाही. हे कळल्यापासून जवळच्या कामाला मी गाडी काढत नाही, चालत जाते. लांब जायचं असेल तरच काढते, आणि मग नीट तापू देते. मिस्त्रींना हे पटत नाही. उभी ठेवून गाडी बिघडते, सील सुकतात, बॅटरी उतरते, असं ते म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. परवा ते म्हणाले की पुढच्या तपासणीला हा कन्व्हर्टर बहुधा पुरणार नाही, नवा टाकावा लागेल, आणि या गाडीचे भाग मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय. नवा टाकायचा, की बाबांची गाडी आता मोडीत द्यायची, हे तोवर मला ठरवायचं आहे.